पिवळ्या दिव्याचा माग

माझ्या ब्राउझरमध्ये ‘कामाचं’ नावाचं एक फोल्डर आहे. दवाखान्यातली यंत्रं तपासणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय, आणि त्यासाठी घेतलेल्या शिक्षणाचं नाव बायोमेडिकल इंजिनियरिंग. वाशीमच्या आसपास हे नाव घेतलं की निम्मे लोक मला आपली दुखणी सांगायला लागतात आणि उरलेले घरातला बिघडलेला मिक्सर आणून देतात. कॉलेजातून नव्याने बाहेर पडलेली मुलं मात्र ते फोल्डर मागतात. मी लगेच पाठवते. त्यातलं सगळं फुकट आहे, आणि माहिती दाबून ठेवणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो.

त्यात कुणीकुणी जमवलेल्या सर्व्हिस मॅन्युअलांचा साठा आहे. कंपन्या जी पानं कुलपात ठेवतात ती तिथे उघडी पडलेली असतात. सदोष निघालेल्या उपकरणांच्या सूचना छापणारं एक पान आहे. ते मी सकाळच्या चहाबरोबर वाचते, लोक राशिभविष्य वाचतात तसं. हृदयाच्या ठोक्यांच्या खऱ्या नोंदी आहेत, त्यावर हात बसवता येतो. एका प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत आणि दुरुस्ती करणाऱ्यांचा एक कट्टाही आहे, जिथे कुठल्याही देशातला माणूस अडला की प्रश्न टाकतो. या यादीतली शेवटची ओळ मात्र लिंक नाही. तिथे मी लिहिलंय, ‘जाण्याआधी फोन करू नका.’ मुलं विचारतात, मॅडम, हे काय? त्याचं उत्तर रिठदच्या माझ्या आत्याकडे आहे.

आत्याने चाळीसेक वर्षं चुलीच्या आणि हळद शिजवायच्या भट्टीच्या धुरात काढली. छातीने शेवटी हिशेब मागितला. डॉक्टरांनी रोज काही तास ऑक्सिजन लावायला सांगितला तेव्हा कॉन्सन्ट्रेटर मी निवडला. हे यंत्र खोलीतली साधी हवा आत ओढतं, तिच्यातला नायट्रोजन अडवतं आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून देतं. मशीन जुनं होतं, पण तपासून घेतलेलं. बसवून दिलं त्या दिवशी आत्याला म्हणाले, “हिरवा दिवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय, तो लागला तर मला फोन कर. आणि हे बघ, याला धुळीपासून जप.” शेजारच्या खळ्यात हळदीचं पॉलिश सुरू होतं. ड्रम फिरला की पिवळी धूळ थेट ओसरीपर्यंत यायची.

आठवड्यातच फोन आला. “बाई, पिवया लाईट लागला.”

“येते,” म्हटलं आणि स्कूटी काढली. पोचले तर खोली लख्ख झाडलेली, मशीन मधोमध ठेवलेलं आणि दिवा हिरवागार. मोजणीचं यंत्र लावलं, ऑक्सिजन चोख. चहा प्याले आणि परत आले. चार दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा स्कूटी, पुन्हा हिरवा. तिसऱ्या खेपेला आत्याच ओशाळली. “मी का खोटं बोलून राह्यली काय? तू आली का हे शान्यावानी करते!”

पुण्याच्या आतेभावाला हे कळलं आणि त्याचा पारा चढला. जुनं मशीन घ्यायलाच नको होतं, हे तो मला फोनवर तीन प्रकारे म्हणाला. गुढीपाडव्याला येतो आणि आईला घेऊन जातो, हेही त्याने ठरवून टाकलं. त्याचं चुकत होतं असं नाही. ज्या मशीनवर भरवसा नाही त्याच्याजवळ आईला एकटं कोण ठेवील? पण आत्याला जायचं नव्हतं. त्याच्या सातव्या मजल्यावर ती एकदा महिनाभर राहून आली होती. “तिथं खाली उतराले बी कोनाले तरी संगं न्या लागते,” एवढंच ती म्हणायची आणि मग माझ्याकडे बघायची. पाडव्याला तीन आठवडे होते आणि तिचं घर माझ्या निदानावर टिकून होतं.

मी इरेला पेटले. त्या साठ्यातून मॅन्युअल उतरवलं. नेमकं आमचं मॉडेल मिळालं नाही, त्याचा थोरला भाऊ मिळाला. शंभरावर पानं वाचली. खरं सांगते, आत्याची काळजी होतीच, पण त्या दिवसांत मला मजाही येत होती. यंत्राच्या आत बारीक दाण्यांचे दोन डबे असतात. एक डबा नायट्रोजन धरून ठेवतो तोवर दुसरा धरलेला सोडून देतो, मग पाळी बदलते. त्या प्राध्यापकांनी हे खडूने फळ्यावर काढून दाखवलं होतं. ती दहा मिनिटं मी इतक्यांदा पाहिली की त्यांच्या सदऱ्याचं एक बटण तुटलंय हेही मला पाठ झालं. आपण सगळे ज्या हवेत वावरतो ती अशी निवडता येते, तांदळातले खडे निवडावेत तशी, याचं मला आजही नवल वाटतं.

दाणे ओले झाले असतील म्हणून मशीन वाशीमला आणलं आणि आत्याला तेवढ्यापुरतं सिलिंडर दिलं. माझ्या टेबलावर ते दोन दिवस चाललं आणि दिवा एकदाही पिवळा झाला नाही. सूचनांच्या पानावर या मॉडेलची एकही तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणून निराश होणारी मी पहिलीच असेन. मग संशय व्होल्टेजवर गेला. प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर आत्याला दिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत आकडे लिहायला सांगितले. तिने शिक्षिकेसारखे नीट लिहिले. व्होल्टेज बरं होतं. पण प्रत्येक आकड्याशेजारी तिने दिव्याचा रंगही लिहिला होता, तो मी मागितलेला नव्हता. मशीन सुरू केल्यावर तासा-दीड तासाने ‘पिवया’. मी आले त्या प्रत्येक दिवशी ‘हिरवा’.

हे सगळं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या कट्ट्यावर टाकलं. आकडे, फोटो, आतल्या नळ्यांचा दाब, काही सोडलं नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं ते कुठल्याशा बेटावरच्या निवृत्त तंत्रज्ञाचं. त्याने माझ्या आकड्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याने एवढंच विचारलं होतं की तू जाण्याआधी घरी कळवतेस का? कळवत असशील तर एकदा न कळवता जा.

माझं डोकं सटकलं. मी दाबाचे आलेख देतेय आणि हा मला पाहुणचाराच्या गोष्टी विचारतोय! एक झणझणीत उत्तर लिहिलं, पुन्हा वाचलं आणि पुसलं. कारण कॅलेंडर डोळ्यांसमोर होतं. मी आले की हिरवा. माझ्यात तर काही जादू नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका दवाखान्यातलं काम आटोपलं आणि कुणाला न सांगता रिठदला गेले. दार लोटलेलंच होतं. आत्या खाटेवर नळी लावून बसली होती आणि मशीन कोपऱ्यात, भिंतीला चिकटून होतं. त्याच्या अंगात झगा होता.

दुसरा शब्द नाही. जुन्या लुगड्याचे दोन पदर एकावर एक घेऊन हाताने शिवलेला, खाली झालर लावलेला, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आलेला. नळी बाहेर यायला एक भोक होतं, त्याला काजाचे टाके घातलेले. दिव्याच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची छोटी खिडकी होती, दिवा दिसला पाहिजे म्हणून. त्या खिडकीत दिवा पिवळा होता. झग्यावर हळदीची धूळ साचली होती. शिवणीत कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

मला पाहून आत्या गडबडून उठायला लागली. “थांब थांब, काढून राह्यली. तू फोन काहून नाही केला?”

मी झगा उचलला. भाताच्या भांड्यावरचं झाकण काढावं तशी गरम हवा तोंडावर आली. मशीन ओढून खोलीच्या मध्ये आणलं. आम्ही दोघी खाटेवर बसून त्या दिव्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने तो हिरवा झाला.

“तूच त म्हटलं होतं,” आत्या हळूच म्हणाली, “धुळीपासून जपजो म्हणून.”

मीच म्हटलं होतं. मशीनसोबत एक पातळ पुस्तिका आली होती, वापरणाऱ्यांसाठीची. तिच्या तिसऱ्या पानावर पडद्याला टेकलेल्या मशीनचं चित्र होतं आणि त्यावर फुली. अशी पुस्तिका इंजिनियर वाचत नाहीत, मीही वाचली नव्हती. मला फार लाज वाटली. मग मी तिला सांगितलं, चूक माझी आहे. मशीन हवा आत घेतं, तिला यायला जागा लागते, आणि ही गोष्ट मी तुला सांगायला हवी होती.

“म्हंजे यालेबी श्वास लागते?”

“लागतो.”

“मले वाटलं, हे फक्त देते,” आत्या म्हणाली. “घेतेबी, हे कोनं सांगतलं?”

पाडव्याच्या आदल्या दिवशी आतेभाऊ गाडी घेऊन आला. आत्याने त्याला मशीनसमोर खुर्ची टाकून दिली आणि कॅलेंडर मांडीवर ठेवलं. झगा काढला त्या दिवसापासून प्रत्येक चौकोनात ‘हिरवा’. तो तीन कप चहा होईपर्यंत दिव्याकडे बघत बसला. मग त्याने विचारलं, “आधी पिवळा कशानं लागत होता?”

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली. “हे पोट्टी येतो म्हणून फोन करे. मी घर आवरो, झगा काढो, मशीन मधात ठेवो. मंग तिले काय दिसन?”

आतेभाऊ हसला. मीही हसले. आत्या हसली नाही.

“तुहा फोन आला का बी मी तसंच करतो,” ती त्याला म्हणाली. “पयले उचलत नाही, गप बसतो, दम खाली बसू देतो, मंग तुले फोन लावतो. तुले वाटते माय बरी हाय.”

आतेभावाने कॅलेंडर मिटलं आणि पुन्हा उघडलं. त्याच्या आईचा परतफोन नेहमी थोड्या वेळाने का येतो, हे त्याला तेव्हा कळलं असावं. मलाही तेव्हाच कळलं की त्या खोलीत मी यंत्र तेवढं तपासलं होतं. आत्याला मी दर वेळी आवरलेली, केस विंचरलेली, बरी असलेलीच पाहिली होती.

“मंग चाल ना माझ्यासंगं,” तो म्हणाला.

“नाही येत. तू येत जाय. पन सांगून नको येऊ.”

पाडवा करून तो एकटाच गेला. त्या बेटावरच्या तंत्रज्ञाला मी झग्याचा फोटो पाठवला. त्याने लिहिलं की त्याच्या आईच्या मशीनवर टेबलक्लॉथ असायचा आणि त्याला तो पाहायला उशीर झाला. त्या दिवशी मी फोल्डरमध्ये ती शेवटची ओळ घातली.

जुलैत मशीनचा फिल्टर बदलायला रिठदला गेले, अर्थातच न कळवता. दारात पुण्याची गाडी उभी होती. आत भांडी पसरलेली, अंथरूण तसंच पडलेलं, आणि आत्या खाटेवर नळी लावून, केस मोकळे सोडून बसलेली. दम लागला होता तिला, पण ती लपवत नव्हती. आतेभाऊ तिच्यामागे बसून तिची वेणी घालत होता. त्याला ती जमत नव्हती.