हंगेरीचा उस्ताद आणि दत्ताचा मोडलेला डाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. तुमाला सांगून राहिलो, पण "जाऊ द्या सर, लहान होता तुमी" असं म्हणू नका. लहान कुठला? चांगली मिशी फुटली होती.

हिंगोलीत मी पोरांना बुद्धिबळ शिकवतो. हंगेरीच्या एका उस्तादाचे डाव मांडून दाखवतो — घोडा काय, हत्ती काय, बेधडक फेकायचा, मुद्दाम खाऊ द्यायचा, अन् समोरच्याच्या राजाला घरात घुसून मारायचा. मोठमोठ्या स्पर्धा त्यानं अशाच मारल्या. उतारवयातबी खोड गेली न्हाई. पोरं विचारतात, सर, तुमी त्याच्याशी खेळलात ना? व्हय म्हणतो, अन् विषय बदलतो. काहून बदलतो?

तो नांदेडला आला होता. समोर पटांची रांग, अन् एकटा उस्ताद फिरत फिरत प्रत्येक पटावर चाल करायचा. माझ्या शेजारी दत्ता — कुरुंदा गावचा, माझा जिगरी दोस्त. उस्तादानं त्याच्यापुढं हत्ती फेकला. दत्तानं तो खाल्ला, अन् पचवलाबी! हल्ला विझला. उस्ताद त्या पटापाशी जास्त थांबू लागला. लोकं जमली.

अन् माझा राजा? कोपऱ्यात. मात समोर दिसत होती. आमच्या गावच्या खेळात, शह बसला नसंल तर राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. तिथं ते चालत न्हाई, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी उस्ताद पाठमोरा झाला अन् मी राजा उडवला.

तो परत आला. पटाकडं बघत उभा राहिला. आयोजक धावले — राजाला हात कुणी लावला?

मी दत्ताकडं बोट दाखवलं.

दुसऱ्याच्या पटाला हात लावला म्हणून दत्ताला उठवलं, त्याचा डाव मोडला. "काहून रे?" एवढंच म्हणाला अन् गेला. माझा राजा जागेवर ठेवला. पुढच्याच चालीला मात झाली.

घाबरलो म्हणून बोट दाखवलं? छट्! सगळी रांग हरत होती, माझ्या हरण्याची कुणाला पडली होती? दत्ता जिंकून राहिला होता — ते मला बघवलं न्हाई. बस्स.

दत्ता आता शेतात हळद लावतो. पटाला परत शिवला न्हाई. लग्नाकार्यात भेटला की तोच आधी हात पुढं करतो. मी माफी मागितली न्हाई, मागणारबी न्हाई. मागितली तर तो हसून देऊन टाकील — अन् मी तेवढा मोकळा होईन.