फॅमिली स्टेटस

लग्न होऊन पोरंबाळं झालेली माणसं आम्ही, पण कंपनीच्या दफ्तरी सगळे बॅचलर. मस्कतमधल्या वादी अदाईच्या एका खोलीत सहा जण राहायचो आणि सहाही जणांच्या बायका गावी. ज्याचा पगार ठरावीक रकमेच्या वर जाईल त्यालाच कुटुंब आणायची परवानगी मिळायची. त्याला म्हणायचं फॅमिली स्टेटस. आमच्या खोलीत यशाची एवढी एकच व्याख्या होती. कोणी गावी स्लॅबचं घर बांधलं तरी त्याचं कौतुक चहा संपेपर्यंत.

मला ते स्टेटस हवंच होतं. स्वभाव मुळात हट्टी. नव्वदच्या दशकात एसी मेकॅनिक म्हणून आलो, भर उन्हात गच्च्यांवर चढून मशिनं दुरुस्त केली, मोडकंतोडकं इंग्रजी शिकलो. दोन वर्षांनी मिळणारी गावची रजासुद्धा एकदा सोडली, कारण रजा न घेणाऱ्याचं नाव पुढे जातं असं कोणीतरी सांगितलं होतं. मूर्खपणाच तो. नऊ वर्षांनी सुपरवायझर झालो. आमच्या ओमानी मालकाने, अर्बाबाने, कागदावर सही केली आणि म्हणाला, "खलास, अब फॅमिली लाओ."

खोलीत त्या दिवशी मटण शिजलं. वसईचा एक मित्र माझा हात धरून म्हणाला, "सुटलास रे बाबा!" त्याला हेवा वाटत होता आणि खरं सांगतो, मला तो हेवा गोड लागला.

अझैब्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पडदे, कुकर, मुलीला अभ्यासाचं टेबल, सगळं मीच निवडलं. शाळेच्या प्रवेशाचा फॉर्मही भरून ठेवला. मायलेकी आल्या तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. विमानतळावर आईने ढकलल्यावर ती पुढे झाली आणि माझ्या पाया पडली.

मी दोघींना समुद्रावर नेलं, शॉर्मा खाऊ घातला. मुलगी फ्रिजमधलं पाणी घ्यायलाही विचारायची, "घेऊ का?" मी म्हणायचो, "अगं, आपलंच घर आहे." ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. बायको दिवसभर बंद दाराआड. बोलायला शेजारीण नाही, खाली उतरलं तर नुसतं ऊन. पण ती कधी कुरकुरली नाही, म्हणून मी समजलो की रुळली.

महिना झाला असेल. शुक्रवारची सुट्टी होती, जेवून मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो. स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला, "आई, बाबा परत कधी जाणार?"

तिचं काय चुकलं? तिने पाहिलेला बाप महिनाभर यायचा, चॉकलेटं वाटायचा, फिरवायचा आणि बॅग उचलून जायचा. आता महिना भरला होता.

"ते इथेच राहतात गं," बायको म्हणाली.

"मग आपण कधी जायचं?"

भांड्यांचा आवाज थांबला. बायको समजूत घालेल म्हणून मी कान देऊन होतो.

"जूनमध्ये, गावची शाळा सुरू व्हायच्या आत," ती हळूच म्हणाली. "त्यांना एवढ्यात काही बोलू नकोस. फार हौसेने आणलंय आपल्याला."

इतकं एकटं मला त्या देशात कधीच वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने ती चहाला उठवायला आली, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं.