चौथा भाग तिनं सांगितलाच नाही

आमच्या घरची एक रीत आहे. रायपुरात वाढलेली माझी पोट्टी इंग्रजीतली जादूची जाडजूड पुस्तकं वाचते अन् संध्याकाळी मी पोळ्या लाटत असली की ओट्यावर चढून बसते अन् मले मराठीत सांगते. एरवी मी मराठीत काही विचारलं तर उत्तर हिंदीत येतं. या गोष्टीपुरतीच तिची मराठी सुटते. एका मालिकेचे पहिले तीन भाग मी असेच कानांनी वाचले.

चौथा आला. तिनं अधाशासारखा संपवला. मी पीठ मळता मळता म्हटलं, "हं, सांग."

"कुछ नहीं मम्मी. बकवास है." अन् गेली खोलीत.

बकवास असतं तर तिनं तासभर शिव्या घातल्या असत्या! त्यात पुण्याच्या कॉलेजात नंबर लागलेला, होकार कळवायची मुदत संपत आलेली, अन् बाईसाहेब हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. विचारलं की "देखते हैं." माझा जीव नुसता खालीवर. तिचे बाबा नोकरीपायी कोरब्याले, कधीमधी घरी येणारे. तिनं जावं असं मले मनापासून वाटे, अन् ती गेली तर मी बोलू कोणाशी, असंही वाटे.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर नव्या रायपुरात बसची वाट पाहत उभी होती. रस्ते हे एवढे रुंद, बस एखादीच. करमेना, म्हणून मोबाइलवर त्या चौथ्या भागाबद्दल वाचकांची मतं काढली. अरे बापरे! लग्नाच्या पंगतीत वरण अळणी निघाल्यावर माणसं बसतात, तशी सगळी फुगून बसलेली. कोणी म्हणे, मधली पानं फाडून फेका. कोणाले लढाया कमी पडल्या, कोणाले प्रेम. पण खरा राग शेवटावर. नायिका विद्या शिकायले निघते, आईले वेशीवर एकटी सोडते अन् मागं वळूनही पाहत नाही. स्वार्थी म्हणे. कृतघ्न म्हणे. त्याले ढीगभर लाइक.

म्हणून पोट्टीनं मले सांगितलं नाही. असं आहे तर! मग राग आला, त्या पोरीचा नाही, या लोकांचा. आईले विचारलं का कोणी? न वाचलेल्या पुस्तकाले मी पाचही स्टार दिले अन् खाली मराठीतच लिहिलं, "पोरगी बरोबर आहे. आई रडंल, मग पोळ्या करंल. तुमाले काय करायचं आहे?" तेवढ्यात माझी बस निघून गेली.

घरी आल्यावर पीठ मळलं, तवा ठेवला अन् तिले हाक मारली. "तुझ्या पुस्तकाले पाच स्टार देऊन आली मी."

"बिना पढ़े?"

"हव, बिना पढे!" अन् काय लिहिलं तेही सांगितलं.

ती हळूच ओट्यावर चढली.

"लोकांनी नीट वाचलंच नाही, मम्मी. वळणावरून पाह्यलं होतं तिनं मागं. पण तवरिक आई आत निघून गेली होती."

"मी नाही जाणार आत," मी म्हटलं. "गाडी दिसेनाशी होईस्तोवर स्टेशनवर उभी राहीन. तू पाहून घेजो."

"मग मी जाऊ?"

मी हव म्हटलं. रडू आलंच. मग उरलेल्या पोळ्या केल्या.