जस्ताची बादली आणि डहाणूचं पाणी

माझ्या मुलीच्या, सुनंदाच्या वहीत कॉलेजातल्या सरांनी लाल शाईने 'निष्काळजी' लिहिलं, त्याच संध्याकाळी मी तिच्याबरोबर डहाणूला जायचं ठरवलं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. समुद्राच्या पाण्यात कोणते धातू किती विरघळलेत आणि सजीवांपासून आलेला कार्बन किती, हे तिला एम.एस्सी.साठी मोजायचं होतं. पहिल्या खेपेच्या पाण्यात जस्त भलतंच निघालं. सर म्हणाले, "आता एकच संधी. नाहीतर विषय दुसऱ्याला."

मी सातवी शिकलेला. पण जन्म गेला सातपूरला बादल्यांवर जस्त चढवण्यात. मी तिला विचारलं, "पाणी काढलंस कशात?"

"तुम्ही कौतुकाने दिलेल्या नव्या बादलीत, आबा."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहाटेच्या एसटीने आम्ही दोघं त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असे निघालो. तुम्ही जाणार असाल तर भाकरी-ठेचा घरूनच न्या. जव्हारला चहा तेवढा घ्या. पुढची वळणं पोट ढवळतात. धातूचा कणही राहू नये म्हणून आम्लाने धुतलेल्या बाटल्यांचं खोकं मी मांडीवरच धरलं होतं.

कंडक्टर म्हणाला, "काका, टपावर टाका की! अंडी हायेत काय?"

"रिकाम्या बाटल्या हायेत."

"रिकाम्या? मग एवढं जपताय कशाला?"

"रिकाम्याच राहाव्यात म्हणून."

डहाणूला धर्मशाळेत उतरलो. होडीचे पैसे आदल्या संध्याकाळीच ठरवून घ्या, सकाळी भाव वाढतो. आम्ही ठरवले, पण सकाळी होडीवाला नारळ घेऊन उभा.

"नारल फोडल्याशिवाय होरी नाय काढायची."

सुनंदा कुजबुजली, "आबा, नारळाचं पाणी समुद्रात पडलं की कार्बन बिघडेल."

मला पोहता येत नाही. नारळाविना समुद्रात जायची माझीच तयारी नव्हती. तरी म्हणालो, "दादा, नारळ परत आल्यावर. किनाऱ्यावर, मी स्वतः फोडतो."

"आनि बुडलास तर?"

"तर नारळ तुझा."

तो हसला आणि होडी काढली. आत गेल्यावर इंजिन बंद केलं, धूर आणि तेल मागे राहावं म्हणून वल्ही मारत वाऱ्याच्या तोंडाला गेलो. सुनंदाने प्लॅस्टिकचे हातमोजे घातले आणि होडीच्या टोकावर वाकून हातानेच बाटल्या पाण्याखाली भरल्या. मी दोन्ही हातांनी तिचा पदर धरून बसलो होतो. लाट आली की डोळे मिटायचो, पदर सोडला नाही. किनाऱ्याला लागल्यावर नारळ फोडला, तिघांनी खाल्ला.

महिन्याभराने अहवाल आला. जस्त नावापुरतं, कार्बनचाही आकडा सुनंदाला पटला. मी ती बादली आणि सुनंदाची वही घेतली आणि कॉलेजात सरांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमचं जस्त, साहेब. पोरीचं नाही, माझं होतं. तो शब्द खोडा."

सुनंदा दारातून म्हणाली, "आबा, राहू द्या ना."

सरांनी पेन्सिल उचलली.

"लाल शाईने," मी म्हणालो. "आणि खाली सही करा."

पाण्याची भीती अजून गेलेली नाही. ती वही मात्र कपाटात आहे; घरी कोणी आलं की आधी तो लाल शाईने खोडलेला शब्द आणि खालची सही दाखवतो.