इटलीसाठी कौल

“तिला काय विचारायचं? ती ‘चालेल’च म्हणणार!”

हे आत्या स्वयंपाकघरात आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाल्या. मी मागच्या अंगणात वाळत टाकलेल्या सुपाऱ्या खालीवर करत होते. खिडकी सताड उघडी होती, आणि ‘ती’ म्हणजे मीच, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारे सांगून मोकळे होतात ना! लग्न होऊन चौलला आले त्याला जेमतेम सहा महिने झालेत, पण माझा साठा विचारू नका. हे त्यातले फक्त हनिमूनचे.

मूळ बेत असा : इटलीचा किनारा, कड्यावरचं भारीतलं हॉटेल, खाली निळं पाणी. निनाद आणि मी, दोघंच. निनादने उत्साहाच्या भरात तो जेवताना सांगितला. सासरे, म्हणजे बाबा, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, “रोमन अवशेष? मग मला यावंच लागेल.” बाबा जाणार म्हणजे आई आल्याच. आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या, पण जेवायला आमच्याकडेच असणाऱ्या बाबांच्या धाकट्या बहिणीला, आत्यांना, मागे कसं ठेवायचं?

आमटी फिरून येईपर्यंत दोघांचे पाच झाले होते!

*

ट्रॅव्हल कंपनीच्या मुलीने व्हिडिओ कॉल लावला. “मॅम, प्रायव्हेट बोटीवर सनसेट डिनर आहे.”

आई म्हणाल्या, “सूर्यास्त आमच्या मागच्या दारी रोज असतो. जेवणाचं सांगा.”

“सात कोर्स असतात, मॅम. एकेक करून आणतात.”

“सात वेळा?” आत्या कळवळल्या. “एकदाच ताट वाढून दिलं तर काय होतं त्यांना? माणसं कमी आहेत का?”

मग बाबा फोनसमोर आले. “हे बघ बाळ, दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या चौलच्या बंदरातून रोमला माल जायचा. तेव्हा तिकडे जरा कळव, म्हणावं जुनी ओळख आहे. समुद्राकडची खोली द्या.”

मुलीने “नोटेड, सर” म्हटलं. तिने खरंच काय नोट केलं, ते मला बघायचं होतं.

*

शेजारचे शौकतचाचा आयुष्यभर मालवाहू जहाजांवर खानसामा होते. इटलीचं बंदर खरोखर बघितलेला गावात हा एकच माणूस, म्हणून त्यांना चहाला बोलावलं.

“दर्या झकास, गुरुजी,” चाचा म्हणाले. “पण तिकडे भरती-ओहोटी नाय. असली तरी वीतभर.”

आईंचा कप हातातच राहिला. “ओहोटी नाही? मग बायका तिसऱ्या-शिंपल्या कधी काढतात?”

“काढत नसतील, भाभी.”

“असला कसला समुद्र!” आई म्हणाल्या. “त्यापेक्षा आपलं तळं काय वाईट?”

तिसऱ्या न मिळणाऱ्या समुद्रावर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. पण यायचं रद्द? छे!

*

आत्यांना क्रूझ हवी होती. मात्र बोट लागते की नाही, हे ठाऊक नव्हतं. म्हणून तालीम ठरली : आगरदांड्याहून दिघी, फेरीबोटीने.

आत्यांनी गॉगल लावला, तोंडात आवळासुपारी टाकली, माझा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले. “लाट आली की सांग गं.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “सुटली का बोट?”

“आत्या, दिघी आली.”

“बघा!” त्या विजयी मुद्रेने उठल्या. “मला बोट लागत नाही. क्रूझ फायनल!”

परतीच्या फेरीत त्यांनी खोल्याही वाटल्या. “दादा-वहिनी एका खोलीत. मला परक्या मुलखात एकटीला झोप लागायची नाही. मी या दोघांच्यात.”

निनाद नुसता खोकला. जेट्टीवर उतरताना मी त्याला कोपराने ढोसलं. “बोल ना काहीतरी!”

“तू बोल ना. हनिमून तुझा.”

“आणि तुझा?”

तो पुन्हा खोकला.

*

शेवटी बाबा अवशेषांवर अडले, आत्या क्रूझवर. निवाडा होईना, म्हणून सगळे ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावायला गेलो. गुरवकाकांनी देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

बाबांनी रोमपासून सुरुवात केली. गुरवकाका म्हणाले, “गुरुजी, देवाला इतिहास ठाऊक आहे. प्रश्न विचारा.” प्रश्न विचारला. डावी पडली.

आत्या म्हणाल्या, “क्रूझने जावं, की फक्त दोन दिवस क्रूझ आणि मग...”

“देवाला ऑप्शन देऊ नका, बाई!”

आत्यांनी सरळ विचारलं. बराच वेळ एकही पाकळी हलली नाही.

आईंनी देवाला तिसऱ्यांबद्दल विचारलं. दोन्ही एकदम पडल्या!

गुरवकाकांनी घाम पुसला. “मुळात ही ट्रिप कोणाची?”

चौघांचीही नजर हळूहळू माझ्याकडे वळली.

“मग हिला विचारू द्या की,” म्हणत त्यांनी नव्या पाकळ्या लावल्या.

“ती काय विचारणार?” आत्या आईंच्या कानात कुजबुजल्या. गाभारा लहान. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी हात जोडले. आणि मागे उभ्या असलेल्यांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

“देवा, आम्ही दोघंच गेलो तर चालेल?”