बेटाकडे जाणारा बाण

सोइझिकने गुल्वेन अबग्रालला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो भर रस्त्यात उकिडवा बसला होता. सकाळचे सात वाजले होते, तिला जाऊन शाळा उघडायची होती, आणि प्लूवेनच्या चौफुलीवर हा उंच, हाडकुळा माणूस मान वाकडी करून डांबराकडे पाहत होता. तिने हॉर्न वाजवला. तो उठला, पण बाजूला न होता गाडीच्या खिडकीशी आला.

"बाई, जरा खाली उतरून सांगता का, हा बाण दिसतो का नीट?"

"दिसतो की. एवढा मोठा पांढरा बाण!"

"पण परवा, रविवारी, दहा वाजता इथं ऊन समोरून येणार. डोळे दिपले तर?"

परवा गावच्या सायकल मंडळाची वार्षिक फेरी होती. तीनशे माणसे येणार होती आणि त्यांना वाट दाखवणारे सगळे बाण या एकट्या माणसाचे होते. एवढ्या गारठ्यात त्याच्या कपाळावर घाम पाहून सोइझिकला हसू आले. मग तिला वाटले, वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासताना आपण एवढी काळजी घेतो का?

गुल्वेनने एकतीस वर्षे दुधाचा टँकर चालवला होता. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या त्या कोपऱ्यातला प्रत्येक गोठा त्याला माहीत होता, कुठल्या गोठ्यावरचे कुत्रे सायकलमागे धावते हेसुद्धा. वळणाआधी एक बाण, वळणावर दुसरा आणि वळण संपल्यावर तिसरा, म्हणजे आपण चुकलो नाही हे माणसाला कळावे, असा त्याचा नियम. फेरीच्या आदल्या दिवशी तो सगळा मार्ग स्वतः सायकलने तपासायचा. घरी आल्यावर एखाद्या बाणाबद्दल शंका आली की पुन्हा निघायचा. त्याची बायको ओदेत म्हणायची, "लग्नात हो म्हणाल्यावरसुद्धा यानं पाद्रीबाबांना दोनदा विचारलं होतं, नीट ऐकू आलं ना म्हणून."

सोइझिक निवृत्त झाल्यावर मंडळाच्या खाण्यापिण्याचे टेबल तिच्याकडे आले. तिची थोरली बहीण डेनीज बायकांच्या गटाची पुढारी होती. डेनीज म्हणायची, "गुल्वेनचा बाण विहिरीत गेला तर आम्ही विहिरीत जाऊ." सगळे हसायचे. गुल्वेन हसत नसे.

मंडळाला चाळीस वर्षे झाली त्या वर्षी अध्यक्ष जो केरे यांनी हट्ट धरला की मार्ग या वेळी बेटावरून न्यायचा. बेटाकडे जाणारा दीड किलोमीटरचा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो. पूर्ण ओहोटीच्या वेळेआधी दोन तास आणि नंतर दोन तास तेवढा तो उघडा असतो.

"नको," गुल्वेन म्हणाला. "समुद्राला माझे बाण वाचता येत नाहीत."

"अरे, तू वेळ काढशील ती बरोबरच असणार. तुझ्याइतकी खात्री कोण करतं?"

अखेर त्याने वेळ काढली. ओहोटीची पुस्तिका हिवाळी वेळेने छापलेली असते. मार्चअखेर उन्हाळी वेळेसाठी घड्याळे एक तास पुढे केली की ऑक्टोबरपर्यंत छापील वेळेत एक तास मिळवायचा, हे त्या किनाऱ्यावर पोरांना पाढ्यांबरोबर शिकवतात. गुल्वेनला ते वडिलांनी शिकवले होते. पुस्तिकेत त्या दिवशीची ओहोटी नऊ वाजून दहा मिनिटांनी होती, त्याने दहा वाजून दहा मिनिटे धरली. म्हणजे रस्ता बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत उघडा. त्याने हे तीनदा मांडून पाहिले आणि तिन्ही वेळा तेच आले.

मे महिन्यातल्या त्या रविवारी सोइझिकने बेटासमोरच्या चर्चपाशी टेबल मांडले. लोण्याचा केक, 'फार' नावाचा मनुका घातलेला दुधा-अंड्यांचा गोड पदार्थ, सॉसेज आणि सफरचंदाचा रस. पहिले गट बेटाला वळसा घालून केव्हाच परतले होते. साडेदहाला डेनीजचा अकरा जणींचा शेवटचा गट आला, खाऊन, भरपूर खिदळून बेटाकडे निघाला. गुल्वेन टेबलाशी उभा राहून त्या पोचेपर्यंत पाहत राहिला.

त्यानंतर पाच मिनिटांनी ओहोटीत उघड्या पडणाऱ्या वाफ्यांवर कालवे, म्हणजे शिंपले, पिकवणाऱ्यांचे ट्रॅक्टर एकामागून एक किनाऱ्यावर येऊ लागले. शेवटच्या ट्रॅक्टरवरून पेरिक ओरडला, "काय रे गुल्वेन, म्हाताऱ्यांना आज पोहायला नेतोस वाटतं?"

"अजून सव्वा तास आहे," गुल्वेन म्हणाला.

"कसला सव्वा तास? पाणी फिरून कधीच वर यायला लागलंय. पंधरा-वीस मिनिटांत रस्ता जाईल."

गुल्वेनने खिशातून पुस्तिका काढली. दरवर्षीची संपली होती, म्हणून या वर्षी त्याने गळ आणि आमिष विकणाऱ्या दुकानातली फुकटची घेतली होती. तिचे पहिले पान त्याने कधी उलटलेच नव्हते. त्यावर बारीक अक्षरात लिहिले होते: उन्हाळी वेळेचा तास यात धरलेला आहे. जो तास आधीच मिळवलेला होता, तो त्याने पुन्हा मिळवला होता.

सोइझिकने डेनीजला फोन लावला. तो टेबलावरच्या टोपलीत वाजला. बाकीच्यांचे लागेनात, बेटाच्या मागच्या बाजूला रेंज नसते. तिने बचाव बोटीला कळवले. बोटीला यायला चाळीस मिनिटे लागणार होती. वळून पाहते तो गुल्वेन सायकलवर बसत होता.

"थांबा हो! बोट येतेय. त्या काय पाणी बघून उतरतील?"

"बेटाच्या बाजूनं मधला खोलगट भाग दिसत नाही, बाई. पलीकडे चढावर माझा बाण आहे, सरळ इकडे दाखवणारा. त्या बाण बघून येतील, पाणी बघून नाही."

तो निघाला. सहासष्ट वर्षांचा माणूस असा सायकल मारताना तिने कधी पाहिला नव्हता. खोलगट भागात पाणी दोन्हीकडून रस्त्यावर आले होते आणि त्याच्या चाकांच्या निम्म्यापर्यंत चढले होते. शेवाळावर सायकल घसरली, तो पडला. पेरिकने ट्रॅक्टरवरची दुर्बीण आणून तिच्या हातात दिली, पण दुर्बिणीत नुसते पाणी हलत होते. पुन्हा तो सापडला तेव्हा सायकल नव्हती. मांड्यांपर्यंतच्या पाण्यातून तो चालत होता. मग दिसला नाही.

सोइझिक चढावर उतरणारी शिरस्त्राणे मोजू लागली. तीन, चार, सात. सर्वांत पुढचे पिवळे डेनीजचे. ते पाण्याशी आले आणि थांबले. त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून कोणीतरी उभे होते. तिने पुन्हा मोजले. अकरा आणि एक.

डेनीज पुढे कित्येक दिवस सांगत होती, "मी त्याच्यावरच ओरडले, अरे बाजूला हो, बाण तर सरळ आहे! हा नखशिखांत भिजलेला, धापा टाकणारा. नुसती मान हलवतोय, नाही, नाही."

दुपारी एकला बोटीने सगळ्यांना आणले. सभागृहात बक्षिसांची भाषणे चालू होती. गुल्वेन ओल्या कपड्यांनीच पुढे गेला आणि म्हणाला, "आजची वेळ मी चुकीची काढली. एक तास जास्त धरला. यात मंडळाची चूक नाही, माझी आहे."

जो केरे म्हणाले, "जाऊ दे रे, कोणी बुडलं नाही ना?"

"त्या माझ्या बाणामागे पाण्यात उतरत होत्या, जो."

ओदेतने येऊन त्याच्या खांद्यावर कोट टाकला आणि त्याला घरी नेले.

पुढच्या आठवड्यात तो रंगाचे डबे आणि बाण रंगवायचा पत्र्याचा साचा मंडळात ठेवून आला. जो केरे घरी जाऊन समजावून आले, डेनीज भांडून आली. सोइझिकही गेली. तो तिला म्हणाला, "बाई, लोक माझ्या बाणाकडे बघून डोळे मिटतात. मला ते आता सोसत नाही." कॉफी पिऊन ती परतली.

आता मार्ग आखण्याचे काम दोन तरुण मुली करतात. गुल्वेन एकाहत्तर वर्षांचा आहे. दर रविवारी तो डेनीजच्या गटाबरोबर, सर्वांच्या मागे राहून सायकल चालवतो.