युस्टनची कमान आणि न्यूयॉर्कचे खांब

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला राहायचो. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, मुंबईहून आणलं ते कायमचं ठेवून घ्यायलाच. पण दिवसभर बंद घरात बसून ते परतीच्या गोष्टी करू लागले. त्यांचं मन रमावं म्हणून मी रेल्वेने न्यूयॉर्कची ट्रिप ठरवली, तर माझ्या नवऱ्याने, सुधीरने, ऐन वेळी अंग काढून घेतलं. "माझं कॅन्सल कर यार, ऑफिसमध्ये डेडलाइन आहे. तुम्ही दोघं एन्जॉय करा."

वॉशिंग्टनपर्यंत मीच ड्राइव्ह केलं. तिथल्या स्टेशनाचं छत गळत होतं, मुख्य दालन बंद, म्हणून वळसा घालून मागून गाडी गाठली. आता तिथे सगळं झकपक आहे. जाणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा, बाल्टिमोरनंतर पाणी दिसतं. गाडीतली कॉफी महाग आणि पाणचट. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती.

अप्पांचा जन्म रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात गेला. लंडन कधी पाहिलं नाही, पण तिथली स्टेशनं तोंडपाठ. "सेंट पँक्रसच्या फलाटांखाली बिअरची पिंपं ठेवायचे," ते सांगत होते. "खांबांमधलं अंतरच पिंपांच्या हिशेबाने ठेवलंय. आणि किंग्ज क्रॉसला ज्या राजाच्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो पुतळा कधीच हलवला." कितीतरी दिवसांनी ते हसत होते. मला वाटलं, जमलं.

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात उतरलो तर ठेंगणं छत, ट्यूबलाइट, तळणाचा वास. जुन्या मासिकात पाहिलेले तिथले दगडी खांब अप्पा शोधत राहिले. शेवटी चौकशीच्या खिडकीशी विचारलं.

"टोर्न डाउन, सर. लाँग अगो," आतला माणूस म्हणाला.

अप्पा बाकावर बसले. "लंडनला युस्टन स्टेशनची कमान पाडली तीही त्याच सुमारास. लोकांनी किती विनवण्या केल्या होत्या." मग म्हणाले, "सुधीर इथेच शिकला ना? ह्याच स्टेशनातून जायचा-यायचा. मी आल्यापासून जेवताना ह्या खांबांबद्दल बोलतोय. त्याने ऐकलं असतं तर सांगितलं असतं की गं."

मला सुधीरचा भयंकर संताप आला.

घरी आल्यावर अप्पांनी परतीचं तिकीट काढायला सांगितलं. "एवढं फिरवलं, अजून काय हवं ह्यांना?" सुधीर मला म्हणाला. फिरवलं कुणी, हे मी त्याला तोंडावर ऐकवलं.

अप्पा मुंबईला परतले त्याच आठवड्यात सुधीरने त्यांच्या खोलीतला पलंग काढून कॉम्प्युटरचं टेबल टाकलं.

"परत आले तर?" मी विचारलं.

"सोफा आहे ना."

ते आले नाहीत.